पॅकेज विचारा, पण आधी लॅब पाहा

मा. संपादक,

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आल्या की ओळखीतल्या पालकांचे मला फोन सुरू होतात. ‘कॉम्प्युटरच हवंय, नाहीतर आयटी.’ मग गेल्या वर्षीचा कटऑफ आणि सर्वांत मोठं पॅकेज, या दोनच चौकशा. मी पुण्यात प्रोग्रामर आहे आणि नोकरीसाठी येणाऱ्या नव्या पदवीधरांच्या मुलाखतीही घेतो. या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: फी भरण्याआधी कॉलेजची संगणक लॅब उघडून दाखवायला सांगा.

माझा पुतण्या पहिल्या वर्षाला आहे. त्याचं ‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेचं जर्नल पाहून मी अस्वस्थ झालो. प्रोग्राम पेनाने सुवाच्य उतरवलेले, खाली चौकटीत आउटपुट, तेही सिनियरच्या फाइलवरून. लॅबमध्ये आजही टर्बो सी++ हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, चालतो. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९०च्या सुमाराचं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतच नाही, म्हणून डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवतात. त्यात ‘इंट’, म्हणजे पूर्णांक साठवायचा कप्पा, दोन बाइटचा असतो, ३२७६७च्या पुढची संख्या त्यात मावत नाही. त्यामुळे २०० गुणिले २०० केलं की उत्तर उणे २५५३६ येतं! तोच प्रोग्राम जीसीसी या आजच्या कंपायलरवर नीट ४०००० दाखवतो, कारण तिथे ‘इंट’ सहसा चार बाइटचा असतो. हा फरक का पडतो, हे समजलं तर मुलाला मेमरी कळली. पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘इंट दोन बाइट’ एवढं घोकून सांगितलं की पूर्ण गुण मिळतात.

मुलाखतीत मी लॅपटॉप पुढे सरकवतो आणि एक छोटा, बिघडलेला प्रोग्राम देतो. व्याख्या धडाधड सांगणारी हुशार मुलं इथे अडतात. स्क्रीनवर एरर येते, त्यात ओळीचा क्रमांकही असतो, पण तो वाचायची सवयच नसते. मला या मुलांचं फार वाईट वाटतं. चार वर्षं त्यांनी मेहनत केलेली असते. चूक शोधत बसायला मात्र त्यांना कुणी वेळच दिलेला नसतो. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांनाही मी दोष देणार नाही. सबमिशनची तारीख त्यांच्याही डोक्यावर असते.

आता तर एआय मागाल तो कोड लिहून देतं. तो बरोबर आहे की नाही हे ज्याला वाचून कळतं, त्याचीच आम्हाला गरज आहे.

यासाठी पैसा लागत नाही. जीसीसी १९८७पासून मोफत आहे, लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या संगणकावरही चालते आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमावर फुकट ऐकता येतात. महागड्या क्लासच्या आधी मुलांनी ती ऐकावीत.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी एवढं तरी करावं: प्रॅक्टिकल परीक्षेत पाठ केलेला प्रोग्राम लिहायला लावण्याऐवजी चुका असलेला प्रोग्राम द्यावा आणि त्या शोधून दुरुस्त करण्याला गुण द्यावेत. हाताने उतरवायची जर्नलं बंद करून तो वेळ मुलांना मशीनवर द्यावा. पालकांनीही लॅबमध्ये गेल्यावर कोणता कंपायलर वापरता, तास संपल्यावर मुलांना इथे बसू देता का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

– एक संगणक अभियंता, पुणे