काचेची बासरी अन् आपली पावरी

संपादक साहेब, रामराम. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या काचेच्या आडव्या बासरीबद्दल वाचलं. पॅरिसच्या क्लोद लोराँने १८१३ ची बनवलेली, चांदीच्या जोडावर अमेरिकेच्या प्रेसिडेंट मॅडिसनचं नाव कोरलेलं, अन् काच का तर लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, सूर हलतो, काचेचं तसं नाही. २०२२ मध्ये लिझो नावाच्या गायिकेने ती चक्क स्टेजवर वाजवली, हे मला लई आवडलं (आपल्याकडे हात लावू देतील का!). आता आपली पावरी बघा, आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला वाजणारं, भोपळा अन् बांबूचं फुंकून वाजवायचं वाद्य. धुळ्या-नंदुरबारात तिच्यासाठी एखादं दालन काढा, पण वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांचं रेकॉर्डिंग आधी करा, नंतर नुसता भोपळा कपाटात ठेवून काय करणार?

– एक वाचक, साक्री