‘जिभेवर ताबा ठेवा’ म्हणणं सोपंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वजन कमी करण्यावरचा लेख वाचला. डाएटचा तक्ता ठीकच आहे, मूग, ताक, भाकरी, त्याबद्दल तक्रार नाही, पण सुरुवातीलाच ‘लठ्ठपणा म्हणजे जिभेवर ताबा नसणं’ असा एका वाक्यात निकाल लावून टाकलाय तो काही पटला नाही. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे, उंदरांच्या जाती सांभाळण्यासाठी जगभर फेमस. तिथे १९४९ मध्ये जन्मजात प्रचंड जाड आणि सतत खात राहणारे उंदीर सापडले, पुढे दुसरी एक तशीच जात सापडली, तिला वर डायबिटीसही होता. डग्लस कोलमन नावाच्या बायोकेमिस्टने काय केलं, ऑपरेशन करून दोन-दोन उंदीर कुशीला कुशी लावून जोडले, म्हणजे एकाचं रक्त थोडं थोडं दुसऱ्यात जाणार. ऐकायला क्रूर वाटतं, आहेच. डायबिटीसवाला जाडा साध्या उंदराला जोडला तर साध्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला, समोर अन्न होतं तरी. मग दोन जाडेच एकमेकांना जोडले, तर पहिल्या जातीचा जाडा खायचा बंद झाला, वाळत वाळत मेला आणि डायबिटीसवाला आपला मजेत खातोय! दिसायला दोघं सारखेच, पण पहिल्या जातीच्या जाड्याच्या अंगात ‘पोट भरलं’ सांगणारा पदार्थच तयार होत नव्हता आणि डायबिटीसवाल्याच्या अंगात तो भरपूर होता, फक्त ऐकणारं कोणी नव्हतं. कोलमनने हे सत्तरच्या दशकातच मांडलं, पण लठ्ठपणा हा वागण्याचा दोष, शरीराचा नाही, असंच तेव्हा भल्याभल्यांचं मत होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं लवकर कोणाच्या पचनी पडेना. तुमच्या लेखकाचं मत अजून तिथेच आहे म्हणायचं.

तो पदार्थ नेमका कुठला हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन आणि त्याच्या टीमने शोधलं. लेप्टिन. आणि ते बनतं कुठे, तर चरबीत! तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन असंच सगळे धरून चालले होते. साठा किती आहे ते ती मेंदूला कळवत असते, साठा घटला की लेप्टिन घटतं, भूक वाढते, शरीर खर्चही कमी करतं. डाएट करून उतरवलेलं वजन परत चढतं ते उगाच नाही, पण आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत जाड बाईने दुसरी जिलबी घेतली की शेजारची लगेच ‘अगं बास की आता’, आणि शेजारचीच्या स्वतःच्या पानात चार असतात ते सोडा.

माणसांचं म्हणाल तर १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी यांच्या टीमने मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत-मावस भावंडं तपासली, मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो, मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. जन्माला आली तेव्हा वजन नॉर्मल होतं. सारखी भूक, सारखं खायला मागणं. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं तर खाणं एकदम कमी झालं आणि वर्षभरात १६ किलोच्या वर वजन उतरलं. दोन वर्षांच्या पोराला कसला आलाय जिभेवर ताबा?

अशा केसेस फार क्वचित, हे मान्य. बहुतेक जाड लोकांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं, मेंदू दाद देत नाही, म्हणजे त्या डायबिटीसवाल्या उंदरासारखंच काहीसं. म्हणून तर ॲमजेन या औषध कंपनीने दोन कोटी डॉलर मोजून लेप्टिनचं लायसन्स घेतलं तरी लठ्ठपणावरचं औषध म्हणून ते चाललं नाही.

आता मुख्य तक्रार. त्याच पानावर खाली ‘लेप्टिन बूस्टर’ पावडरची जाहिरात आहे, सकाळी कोमट पाण्यातून घ्या म्हणे. अहो, लेप्टिन प्रोटीन आहे, पोटात गेलं की डाळीसारखंच पचून जाणार, म्हणून तर त्या मुलीला इंजेक्शन द्यावं लागलं! आणि पावडरीने अंगातलं वाढतं असा दावा असेल तर ज्यांच्यात आधीच जास्त आहे त्यांना आणखी वाढवून करायचंय काय? जाहिरातीचं खातं वेगळं असतं हे माहीतेय, पण वर जाड माणसाला बोल लावायचा आणि खाली त्यालाच पावडर विकायची, हे एका पानावर बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी निदान एखाद्या एंडोक्रिनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरला, लिहायला सांगा.

आपली एक वाचक,
मिरज