सरांचा कॉम्प्युटर दुकानात आलाय

अमळनेर
रविवार, रात्री

भाल्या,

कसा शेस भो? फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसता ‘हां, हां’ करतोस आणि मागे तुझ्या सुरतेच्या गोडाऊनमध्ये कुणीतरी गुजरातीत ओरडत असतं. ही गोष्ट तशी सांगण्यातली नाही. माझी तब्येत बरी, शुगरची गोळी चालू, आईचे गुडघे जसेच्या तसे. झालं.

सरांनी त्यांचा कॉम्प्युटर माझ्या दुकानात पाठवून दिला. दुरुस्तीला नाही, देऊन टाकायला. मोठा पुतण्या रिक्षात घालून घेऊन आला. मॉनिटर, सीपीयू, यूपीएस, वायरी रबर लावून नीट गुंडाळलेल्या. वर चिठ्ठी, त्याच तिरक्या अक्षरात: ‘गरजू विद्यार्थ्याला द्यावा. मला आता पडद्यावरचं अक्षर लागत नाही.’

उज्ज्वलाला दाखवली तर म्हणाली, वय झालं, साहजिक आहे. बापूला सांगितलं तर त्याने विचारलं, रॅम किती आहे? म्हणून तुला लिहितोय. ज्या माणसाने आपल्याला कॉम्प्युटर शिकवला, लॅबमधल्या प्रत्येक मॉनिटरपुढे स्वतः बसून अक्षर तपासलं, त्याला अक्षर लागत नाही, हे किती मोठं आहे ते आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. ओट्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मन्हा डोया ग्यात रे आते.” डोळे गेले म्हणे. सर आपल्याशी अहिराणीत कधी बोलतात ते तुला माहीत आहे. मी विचारलं, पेपर कोण वाचून दाखवतं? तर म्हणे पेपर मीच वाचतो. दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, चष्मा नवा आहे, डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने नजर चांगली. शेजारी दिवाळी अंक पडला होता, निम्म्यात खूण घातलेली. आता कागदावरचं बारीक अक्षर लागतं आणि २२ इंची पडद्यावरचं लागत नाही, तर गेलं काय, डोळे की पडदा?

रात्री शटर अर्धं ओढून त्यांचं मशीन जसंच्या तसं जोडलं. एकाही सेटिंगला हात न लावता आधी नुसतं बघितलं. भाल्या, मलाही वाचवेना.

मॉनिटर फुल एचडी, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. काकांना मोठं दिसावं म्हणून पुतण्याने रिझोल्यूशन, म्हणजे ही ठिपक्यांची संख्या, १३६६ बाय ७६८ वर आणून ठेवलेलं. पोराचा हेतू चांगला, त्याला बोल लावत नाही. पण आपल्या जुन्या डबा मॉनिटरला ते चालायचं, या चपट्या एलसीडीला चालत नाही. हिचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १३६६ ठिपक्यांचं चित्र १९२० वर ताणलं की एकाच्या वाट्याला साधारण १.४ ठिपके येतात. अर्धामुर्धा ठिपका पेटत नाही. मग करडा रंग शेजारी पसरतो आणि ओल्या कागदावर शाई फुटावी तसं अक्षर फुटतं. इंग्रजीला एक वेळ चालून जातं. मराठीत अनुस्वार गेला, रफार मात्रेत मिसळला, ‘ष’ आणि ‘प’ ओळखू येईनात. त्यात डार्क मोड चालू. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं, तीही आधीच फुटलेली.

रिझोल्यूशन परत १९२० वर नेलं आणि विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं सेटिंग, १५० टक्के केलं. आकार कमी झाला नाही, उलट थोडा वाढलाच, आणि आता प्रत्येक अक्षर पडद्याचे सगळे ठिपके वापरून नव्याने काढलं जातं. डार्क मोड बंद केला. अक्षरांच्या कडा नीट करणाऱ्या क्लिअरटाइपचे नमुने एकेक बघून निवडले. ब्राइटनेस शंभरावर होता, तो निम्म्यावर आणला. मग पुतण्याला फोन करून विचारलं, मॉनिटर कुठे ठेवला होता? सीपीयूच्या डब्यावर! सरांचा चष्मा बायफोकल. जवळचं बघायचं भिंग खाली असतं, त्यामुळे उंच पडदा वाचायला माणूस मान मागे टाकतो, मान अवघडते, आणि नाव डोळ्यांचं होतं.

त्यांचा आधीचा मॉनिटर तुला आठवत असेल, १९ इंची चौकोनी, १२८० बाय १०२४. त्यावर ते मजेत वाचायचे. ते मशीन विंडोज सातचं. क्रोम ब्राउझरची १०९ वी आवृत्ती सातवर चालणारी शेवटची ठरली, २०२३ च्या सुरुवातीला, आणि नंतर एकेक साइट कुरकुरायला लागली म्हणून घरच्यांनी नवीन घेऊन दिलं. पडदा मोठा आला आणि अक्षर लहान झालं, कारण नव्या पडद्यावर ठिपके जास्त दाट. हे कुणी सरांना सांगितलं नाही. दुकानदाराने सांगायला हवं होतं.

लॅबमधले १५ इंची डबे आठव. तू आणि मी १०२४ बाय ७६८ करून ठेवायचो, पान जास्त दिसतं म्हणून, आणि सर येऊन परत ८०० बाय ६००. तू त्याला हट्ट म्हणायचास. सर रिफ्रेश रेट बघत होते, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो ते. १०२४ ला नेलं की ते स्वस्त मॉनिटर ६० हर्ट्झवर उतरायचे आणि पडदा लुकलुकायचा. ८०० ला ८५ मिळायचे. शेवटच्या तासाला पोरांची डोकी का दुखतात ते कुणी तक्रार करायच्या आधी त्यांनी शोधून काढलं होतं. आणि ती कपाटात कुलूपबंद विंडोज एक्सपीची सीडी! मराठी पान उघडलं की वेलांट्या सुटून भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली. मग किल्ली निघणार, रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर, म्हणजे मराठीसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या सोयीवर, खूण होणार, सीडी आत जाणार, आणि ‘मंगल’ फॉन्टमध्ये पान नीट उमटेपर्यंत कुणाची उठायची बिशाद नाही. पठाण तर एकदा तसाच झोपला होता.

आणि तुझं ते प्रकरण. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरचं १.० आलं. पाचेक एमबीची फाइल फ्लॉपीत मावेना म्हणून तू सीडीवर आणलीस आणि एका शनिवारी सगळ्या मशीनवर चढवलीस, न विचारता. सोमवारी सरांचा आवाज पार्किंगपर्यंत आला. तुझं म्हणणं खरं होतं. मशीनवर आधीपासून असलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर सहामध्ये टॅबच नव्हते, ते सातव्या आवृत्तीत आले, २००६ मध्ये. आपल्या त्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेट लाइनवर मागे चार पानं उघडत ठेवता येणं म्हणजे चैन होती. पण सरांचंही खरं होतं. परीक्षेचा फॉर्म एक्सप्लोररशिवाय उघडायचाच नाही, पानाच्या तळाशी तसं लिहिलेलंच असायचं, आणि फॉर्म चुकला तर पोराचं वर्ष जाणार. तुम्ही दोघं किती दिवस अबोला धरून होतात, आणि निरोप्या मी! जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर कायमचं बंद झालं तेव्हा सरांनी मला मुद्दाम फोन केला, “भाल्याला सांग, त्याचं खरं झालं.” मी तुला सांगितलं. तू हसलास, पण त्यांना फोन केला नाहीस. ते मला अजून खटकतं, आज लिहून टाकतो.

सरांच्या मशीनवर क्रोम आणि एज दोन्ही आहेत. पुतण्या म्हणतो, एक अडलं तर दुसरं. पण दोन्हींचं इंजिन एकच. एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, आहे, ऑपेरा तर २०१३ मध्येच त्या वाटेला लागलं. खरंच वेगळं हवं तर फायरफॉक्स, म्हणून ते टाकलं. सरांना त्याचा उपयोगही आहे. क्रोममध्ये कंट्रोल आणि प्लस दाबलं की अख्खं पान फुगतं. काही पानं स्वतःला आवरून घेतात, काही उजवीकडे पडद्याबाहेर जातात, मग प्रत्येक ओळ आडवी सरकवून वाचा. फायरफॉक्समध्ये नुसतं अक्षर वाढवायची सोय आहे. आणि एफ-९ दाबलं की रीडर व्ह्यू: जाहिराती, हलणारी चित्रं, बाजूचे रकाने सगळं नाहीसं, फक्त मजकूर, हव्या त्या आकारात. एजमध्येही तसं आहे, शिवाय त्यात मराठी वाचून दाखवणारे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. लावून बघितले, बरे वाचतात. पण कुणी वाचून दाखवलेलं सरांना चालेल? तूच सांग.

आता माझी काळजी. यातलं एकही सेटिंग सरांना नवीन नाही, आपल्याला त्यांनीच शिकवलं. तरी अक्षर पुसट दिसल्यावर त्यांनी पडद्यावर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला. सरांचं असं झालं तर बाकीच्यांचं काय होत असेल? दुकानात रोज बघतो. पारोळ्याकडचा एक शेतकरी, हिशेबाला पक्का, वाचायला-लिहायला येणारा. पीक विम्याच्या फॉर्मवर नाव तपासा म्हटलं की न बघताच मान हलवतो, “तुम्ही लिव्हलं म्हणजे बरोबरच.” टेबलापलीकडून त्याला ८० टक्क्यांवरचा फॉर्म दिसत नसतो, आणि दिसत नाही म्हणायची त्याला लाज वाटते. म्हणून मी दुसरा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसवलाय. ‘एक्स्टेंड’वर, म्हणजे माझ्या पडद्याला जोडून वेगळा, ‘डुप्लिकेट’वर, म्हणजे त्याचीच नक्कल, नाही; त्यामुळे त्या पडद्याचं स्केलिंग वेगळं ठेवता येतं. सबमिट करायच्या आधी खिडकी तिकडे ओढतो. आता तोच माणूस बोट ठेवून वाचतो आणि मला काना-वेलांटी सांगतो! अंगणवाडीच्या एक ताई आहेत, मोबाइलवर अक्षर मोठं केलं की खालचं बटण पडद्याबाहेर जातं, म्हणून सगळं बारीक ठेवून डोळे ताणत बसतात. तेही ‘माझं वय झालं’ म्हणून. त्या चाळिशीच्या आहेत रे.

विंडोज दहाची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जिकडे तिकडे नवीन मशीन येताहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी चटपटीत पोरगा येणार, स्वतःच्या डोळ्यांनी सेट करून जाणार, आणि समोरचा माणूस हळूहळू कॉम्प्युटरवर झाकण घालणार. मला याचा राग येतो. लहान अक्षर चालवून घेणारा हुशार आणि मोठं मागणारा संपला, असं कुणी ठरवलं?

सरांना फोन करून सांगितलं, मशीन नीट झालंय, आणून बसवतो. म्हणाले, दिलेली वस्तू मी परत घेत नाही. मी फार आग्रह केला तर माझं मन राखायला घेतील आणि वर टॉवेल टाकून ठेवतील. माझ्याशी ते भांडत नाहीत ना, तीच अडचण आहे. तुझ्याशी भांडतील. तू समोर बसून म्हणालास की फायरफॉक्स चांगलं, तर ते सिद्ध करायला का होईना, चष्मा लावून पडद्यापुढे बसतील. बसले की वाचतील. पुढचं मला माहीत आहे.

तेव्हा ये. ताप्ती लाइनची गाडी तुझ्या दारातून निघते आणि माझ्या दारात थांबते, कारणं सांगू नकोस. शनिवार धरून ये. मॉनिटर टेबलावर खाली ठेवायचा, खिडकी पाठीमागे येऊ द्यायची नाही, एवढं दोघांनी मिळून करू. मशीन मी तोवर कुणाला देत नाही. बापूने एका पोरासाठी मागितलं, त्याला माझं जुनं देतोय.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? प्राचीचं बारावीचं वर्ष, तिला कॉमर्सवरून टोचत जाऊ नकोस. घराचा हप्ता किती राहिला ते लिही. मामांच्या जमिनीचं आल्यावर बोलू, त्यात बरंच आहे.

सरांसाठी सुरतेची नानकटाई आण, आईसाठी बिनसाखरेचं काही मिळालं तर बघ. आणि फायरफॉक्स कुणी टाकलं असं सरांनी विचारलं तर मी तुझं नाव सांगणार आहे, तयारीने ये.

तुझा
संज्या