गोळी बंद करण्याचा सल्ला कोणाला?

महोदय,

कोलेस्टेरॉलला भिऊ नका, त्याच्या गोळ्या बंद करा, असे सांगणारा कालच्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. भाषा ओघवती आहे, यात शंका नाही. मात्र एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आणि अहवालातला आकडा पाहून धास्तावलेला पस्तिशीतला निरोगी तरुण, या दोघांत लेखकमहाशयांना काडीचाही फरक दिसू नये, याचे नवल वाटते. त्या तरुणाला गोळीचा फायदा थोडाच होईल, हे मलाही मान्य आहे. पण पुरवणी काय तो एकटाच वाचतो?

याच धर्तीचा लेख आपण दिवाळीच्या सुमारास छापला होता. माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, आहे. तो लेख वाचून त्यांनी रक्त पातळ करणारी आणि रक्तदाबाची गोळी चालू ठेवली, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोर्व्हास्टॅटिन, मात्र कोणालाही न सांगता बंद केली. गोळीने पाय दुखतात असे लेखात होते आणि अण्णांचे पाय दुखतच होते. या वयात दिवसभर केळीच्या बागेत फिरणाऱ्याचे पाय दुखू नयेत तर काय व्हावे! संक्रांतीला वहिनींनी औषधांचा डबा आवरला, तेव्हा तळाशी न फोडलेल्या पट्ट्या निघाल्या आणि त्यांच्यावर आपल्या पुरवणीचे कात्रण नीट घडी घालून ठेवलेले. तपासणी केली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६४ वरून १५१ वर गेलेले. आपल्या वृत्तपत्राला आमच्या घरात एवढा मान आहे, हे आपल्याला कळावे म्हणून लिहीत आहे.

या गोळ्यांनी कोणाचे प्राण वाचल्याचा पुरावा नाही, असे कालच्या लेखात ठामपणे म्हटले आहे. उत्तर युरोपातील ज्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, तीत हृदयविकाराचे ४४४४ रुग्ण होते. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या २२२३ जणांपैकी २५६ दगावले, तर सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या २२२१ जणांपैकी १८२. मधली ही ७४ माणसे लेखकमहाशयांनी कोणत्या खात्यात टाकली? पायदुखीचे म्हणाल, तर क्वचित स्नायूंना खरी इजा होते आणि तशी शंका आली की डॉक्टरांना दाखवावेच. पण त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना ब्रिटनमध्ये खरी आणि दिखाऊ गोळी आलटून पालटून दिली, तेव्हा दिखाऊ गोळीच्या महिन्यांतही जवळपास ९० टक्के त्रास तसाच होता. हे निष्कर्ष २०२० सालचे आहेत. लेखकापर्यंत ते अद्याप पोहोचले नसावेत.

झटका येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये, एवढे एक वाक्य पुढच्या पुरवणीत छापावे, तेही लेखाच्याच टायपात.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाखाली ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ शेंगदाणा तेलाची अर्धे पान जाहिरात आहे. कोलेस्टेरॉल हा प्राणिजन्य पदार्थांतला घटक. वनस्पती तेलात तो मुळातच नसल्यात जमा, मग मुक्त कशातून केले? वरच्या अर्ध्या पानात कोलेस्टेरॉलला भिऊ नका म्हणायचे आणि खालच्या अर्ध्या पानात त्याच भीतीवर तेलाचे डबे विकायचे, यांपैकी आपले मत कोणते, ते कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वाचक, रावेर (जि. जळगाव)