तक्रार: '१७८ अंश' छापलेल्या मॉनिटरचे रंग कडेने उडतात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉनिटर बदलून मिळणे किंवा पैसे परत मिळणे याबाबत

महोदय,

सीताबर्डीवर माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाइकांना अल्बम दाखवायला आपला २७ इंची मॉनिटर घेतला, तो खोक्यावरचा 'व्ह्यूइंग अँगल १७८ अंश' हा ठळक आकडा वाचून.

लग्नाचे फोटो निवडायला एकटं कोणी येत नाही. नवरीची आई, मावशी, काका, सगळे मॉनिटरभोवती बसतात. समोरच्याला शालू गर्द मोरपंखी दिसतो, कडेच्या मावशींना तोच विटलेला. हळदीच्या फोटोंत चेहरे पांढुरके, नवरदेवाचा काळा कोट राखाडी. आणि "फोटो फिके काढले" हा ठपका माझ्यावर!

आपले इंजिनिअर येऊन ब्राइटनेस, गॅमा फिरवून गेले. म्हणाले, "समोरून पहा न जी, बरोबर दिसून राहिलं." रिपोर्टवर शेरा मारला: 'स्पेसिफिकेशननुसार ठीक'.

शेरा खरा आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्यावरच आहे. १७८ हा आकडा रंगांचा नाहीच. बाजूला सरकत जाताना कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, ते प्रमाण) १०:१ वर उतरेपर्यंतचा कोन सहसा 'व्ह्यूइंग अँगल' म्हणून छापतात. आपल्या खोक्यावर समोरचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ लिहिलाय. तो १०:१ वर येईस्तोवर चित्रात उरतं काय?

आतलं पॅनल 'व्हीए' (व्हर्टिकल अलाइनमेंट) प्रकारचं एलसीडी आहे, हे इंजिनिअरनेच सांगितलं. यात व्होल्टेज नसताना लिक्विड क्रिस्टलचे रेणू काचेवर उभे असतात, दिल्यावर कलतात. अर्धवट कललेल्या रेणूंतून समोर एक उजेड येतो, कडेला दुसरा. म्हणून मधल्या छटा, म्हणजे त्वचा आणि कापड, आधी बिघडतात. पिक्सेलचे भाग पाडून रेणू वेगवेगळ्या दिशांना कलवायचा उपाय फुजित्सूने १९९०च्या दशकातच आणला. आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग) या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये तर रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे कडेने रंग बरेच टिकतात. हिताचीने असे पॅनल १९९६च्या सुमारास बाजारात आणले. तेव्हा 'तंत्रज्ञानाची मर्यादा' हे कारण सांगू नये. आयपीएसचा काळा इतका गडद नसतो, ठाऊक आहे. माझ्या कामाला चालतो.

(स्क्रीनवर बोट दाबून पॅनल ओळखायची युक्ती बाजारात सांगतात. मी केली नाही. उद्या 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकाराल.)

याच आकाराचा आयपीएस मॉनिटर द्यावा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. शिवाय खोक्यावर पॅनलचा प्रकार आणि कोन कोणत्या निकषावर मोजला, हे छापावं. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करीन.

बिल, सर्व्हिस रिपोर्ट आणि समोरून व कडेने काढलेले स्क्रीनचे फोटो जोडले आहेत. दोन्ही फोटोंचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवलं आहे.

आपला ग्राहक,
फोटो स्टुडिओ चालक, सीताबर्डी, नागपूर