गोळीच्या आधी आजीची सवय सांगा

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, आजी पहाटे उठून दाराकडे चालायला लागते म्हणून वृद्धाश्रमवाले तिला झोपेची गोळी सुरू करणार, आणि तुम्ही 'बरं' म्हणालात! उभा जन्म ती काकड आरतीला अंबाबाईच्या देवळात जायची. आश्रमात तिला सांभाळणाऱ्या मावशींना हे कोण सांगणार? त्यांना रात्रपाळीत त्रास देणारी म्हातारी दिसते. या वयात झोपेच्या गोळीनं तोल जातो. पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुन्हा उभी राहणं कठीण. आधी एवढं करून बघा म्हणावं: उठली की तोंड धुवून खुर्चीत बसवायची, चहा द्यायचा, मोबाइलवर आरती लावायची. मग गोळीचं डॉक्टरांशी तुम्हीच समोर बसून बोला.

इथे अमेरिकेत 1987 च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या माणसाची काळजी कशी घ्यायची हे ठरवताना, त्याची हरकत नसेल तर, घरच्यांनाही बैठकीत बसता येतं. दर तीन महिन्यांनी आम्ही नर्सिंग होमवाले तो काळजीचा आराखडा पुन्हा तपासतो. (सगळे येतात असं नाही हं. काही नुसती तक्रार घेऊनच येतात.) आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः निर्वाहखर्चाचा. अशी बैठक आपणच मागून घ्यायची.

ढवळाढवळ वाटेल म्हणता. पण 'आईला आश्रमात ठेवलं' या लाजेनं तुम्ही खाली मान घालून जाता, फळं ठेवता आणि निघता, ते मला जास्त खुपतं. एक कागद लिहून मावशींना द्या: डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूनं बोला. भाकरी दुधात कुस्करून लागते. 'आजी' नको, 'काकी' म्हटलं की ओ देते.

आई, तू डबा नेतेस ते छान, पण तिला ताठ बसवूनच भरव आणि नंतर अर्धा तास तशीच बसू दे. आडवं असताना ठसका लागतो. टाचा आणि माकडहाड बघत जा. लाल डाग बोटानं दाबूनही फिका पडला नाही, तर लगेच नर्सला दाखव. बेडसोरची, म्हणजे पडून-बसून दाब येऊन होणाऱ्या जखमेची, सुरुवात तशीच होते.

रविवारी फोन करते. तोवर मॅनेजरांची वेळ घेऊन ठेवा. आणि बाबा, गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय तो जिना चढू नका.

तुमची,
सुमी