चामडी केसची ओळख तिच्या आत असते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॅमेऱ्यांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. कॅमेऱ्यांची माहिती त्यात नेटकी दिली होती; मात्र ज्या चामडी केसमध्ये हे कॅमेरे आपल्यापर्यंत पोहोचले, तिच्याविषयी जेमतेम दोन वाक्ये होती आणि ती दोन्ही वाचकाची दिशाभूल करतील अशी मला भीती वाटते. केसवर छापलेल्या नावावरून ती कोणत्या कॅमेऱ्याची आहे ते ओळखावे, असे पहिले वाक्य सांगते. केसमुळे लेन्सला बुरशी लागते म्हणून ती टाकून द्यावी, असे दुसरे. मी बरीच वर्षे अशा केसेस जमवते आणि दुरुस्त करते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केसवरचे नाव हा पुरावा आहेच, पण तो अर्धाच. एकाच कंपनीचे एकसारखे नाव कित्येक मॉडेलांच्या केसेसवर उमटवलेले असते. शिवाय कोणत्याही कॅमेऱ्याला चालतील अशा बिननावाच्या केसेस स्वतंत्र कारागीरही बनवत असत, आणि मूळ केस फाटली की लोक हाताला येईल त्या केसमध्ये कॅमेरा ठेवत. नावाचा खरा उपयोग काळ ठरवायला होतो. इका, एर्नेमान, गोएर्त्झ आणि कॉन्टेसा-नेटेल या चार जर्मन कंपन्या १९२६ साली एकत्र येऊन झाइस इकॉन ही कंपनी झाली. म्हणून ज्या केसवर फक्त ‘इका’ असा ठसा आहे ती साधारण त्याआधीची मानता येते, आणि ‘झाइस इकॉन’ असा ठसा असलेली त्याआधीची असू शकत नाही. ‘ऑक्युपाइड जपान’ हे शब्द असतील तर ती वस्तू १९४५ ते १९५२ या, जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या काळातली. पुसट झालेली अक्षरे वाचण्यासाठी केसवर रंग किंवा पावडर अजिबात लावू नये. अंधाऱ्या खोलीत टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली, की सपाट वाटणाऱ्या जागेतूनही अक्षरांच्या कडा सावलीने उठून येतात.

आतला कॅमेरा कोणता होता, हे मात्र केसचा आतला भागच सांगतो. माझ्याकडे एक तपकिरी केस आहे. तिच्यावर बाहेरून एकही अक्षर नाही. झाकणाच्या आतल्या लाल मखमलीवर दोन टोकांना दोन गोल खळगे आहेत आणि त्यांच्या मध्ये बोटभर रुंदीची चपटी, चकचकीत झालेली जागा आहे. खळगे फिल्म पुढे नेण्याच्या आणि परत गुंडाळण्याच्या बटणांचे आहेत, तर मधली जागा वरून जोडायच्या साधनांच्या खोबणीने घासली गेली आहे. तळाचा स्क्रू मधोमध नसून एका टोकाला आहे. हा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी असलेल्या भोकात शिरून कॅमेरा जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे तो जिथे आहे तिथेच कॅमेऱ्याचे भोक असले पाहिजे. लेन्स आट्यांवर फिरवून बसवायच्या लायका या जुन्या जर्मन कॅमेऱ्यांत ते तळाच्या पट्टीच्या एका टोकाला असते. आतली लांबी मोजली तेव्हा १३३ मिलिमीटर लांबीच्या ‘लायका थ्री’ला ती नेमकी बेताची निघाली. १९४० साली आलेला ‘थ्री-सी’ त्याहून सुमारे ३ मिलिमीटर लांब असल्याने तो या केसमध्ये रेटूनच बसवावा लागतो. एका टोकाचा स्क्रू आणि ३ मिलिमीटरचा फरक, एवढ्यावरून केसचा कॅमेरा आणि काळ दोन्ही बरेच जवळ आले.

तरीही मी तेवढ्यावर थांबले नाही, कारण लायकाच्या धर्तीवर सोव्हिएत संघात बनलेले फेड आणि झोर्की हे कॅमेरे आकाराने फार जवळचे आहेत आणि त्यांच्या केसेसही तशाच दिसतात. शेवटी टिचबटणाच्या आतल्या वाटीवर ‘प्रिम’ हे जर्मन कारखान्याचे नाव कोरलेले सापडले. बटण मागाहून बदललेले नाही ना, हेही पाहावे लागते: मूळ बटणाखालच्या चामड्यावर त्याच मापाची एकच गोल खूण असते, बदललेल्या बटणाभोवती बहुधा जुन्या बटणाचे दुसरे कडे दिसते. स्क्रूचा व्यासही बघावा. युरोपातल्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना ३/८ इंचाचा, तर अमेरिकी आणि जपानी कॅमेऱ्यांना बहुधा १/४ इंचाचा स्क्रू लागतो.

काचेच्या प्लेटांवर फोटो काढण्याच्या काळातल्या चौकोनी पेट्यांसाठी फूटपट्टी हेच मुख्य हत्यार आहे. त्यांत कॅमेऱ्याशेजारी प्लेटांच्या चौकटी ठेवण्याचे अरुंद कप्पे असतात. कप्प्याची आतली मापे घेऊन चौकटीच्या कडेची जाडी वजा केली, की प्लेटचा आकार हाती येतो. सव्वातीन बाय सव्वाचार इंच म्हणजे क्वार्टर प्लेट, पावणेपाच बाय साडेसहा म्हणजे हाफ प्लेट, साडेसहा बाय साडेआठ म्हणजे फुल प्लेट. ही ब्रिटिश मापे. हिशेब ९ बाय १२ किंवा १३ बाय १८ सेंटिमीटरवर सरळ बसत असेल, तर पेटी युरोप खंडातल्या कॅमेऱ्यासाठी बनली असण्याचा संभव अधिक. सर्वांत जास्त घोटाळा दुर्बिणीच्या केसमुळे होतो. ती वर निमुळती आणि तळाशी रुंद असते, आत दोन नळ्यांच्या जागा असतात, आणि तरीही ती सर्रास कॅमेऱ्याची म्हणून दाखवली जाते. बाणाच्या टोकासारखा तीन रेघांचा ठसा आणि शेजारी साल असेल, तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्ता होती. अशा केसमध्ये कॅमेराच होता असे गृहीत धरू नये, कारण सैन्याची कितीतरी उपकरणे चामडी केसेसमधूनच नेली जात.

चामडे की रेक्झिन, हा प्रश्न फाटलेल्या कडेवर भिंग धरले की सुटतो. चामड्यात गुंतलेले, दिशाहीन तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये वरच्या पातळ थराखाली विणलेल्या कापडाचा उभा-आडवा धागा दिसतो. चेन असेल तर तिच्या खटक्यावरचे नाव वाचावे.

एका फसवणुकीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. झोर्की आणि फेड कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव आणि युद्धकाळातली जर्मन लष्करी चिन्हे नव्याने कोरून ते विकले जातात, ही गोष्ट संग्राहकांना ठाऊक आहे. त्यांच्यासोबतच्या केसेसवरही तशीच चिन्हे दाबून उमटवलेली असतात. अशा ठशाकडे भिंगातून पाहिले, की क्रम उघड होतो. ठसा जुना असेल तर नंतरचे ओरखडे आणि भेगा अक्षरांना छेदून जातात, आणि सोनेरी रंग असल्यास तिथे तोही तुटलेला असतो. ठसा नवा असेल तर अक्षराची कड भेगेला दाबून पुढे जाते आणि सोनेरी रंग भेगेच्या आत उतरलेला सापडतो. चामड्याला भेग आधी पडली आणि नाव नंतर आले, हे त्यावरून कळते. केस विकत घेणाऱ्याने एवढी पाच मिनिटे जरूर द्यावीत.

बुरशीबद्दल आपल्या लेखकाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. चामडे आणि मखमल ओल धरून ठेवतात, त्यामुळे बंद केसमध्ये लेन्स ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. पण त्यासाठी कॅमेरा बाहेर काढून कोरड्या जागी ठेवणे पुरेसे आहे. केस टाकली की आतले ठसे, स्क्रूची जागा, मालकाने कोपऱ्यात लिहिलेली आद्याक्षरे, कप्प्यात राहिलेली फिल्टरची डबी, हे सगळे तिच्याबरोबर जाते; आणि कॅमेरा कोणत्या लेन्ससह वापरला जात होता, हे सांगणारा पुरावा बहुधा दुसरा नसतो. घाईने तेल-पॉलिश लावणेही तितकेच वाईट. पितळी बटणांभोवती साचणारा हिरवा, मेणासारखा थर चामड्यातल्या स्निग्धांशाची तांब्याशी प्रक्रिया होऊन तयार होतो. वरून आणखी तेल दिले की तो वाढतो. तो लाकडी काडीने हलकेच खरवडून काढावा. हाताला तांबडी भुकटी लागत असेल तर चामड्याचे तंतूच सुटू लागले आहेत असे समजावे. अशा केसवर कोणताही घरगुती उपाय करू नये, ती मऊ कागदात गुंडाळून ठेवावी.

आपल्याला एक विनंती आहे. वाचकांनी पाठवलेली जुन्या केसेसची छायाचित्रे आपण यापुढे छापणार असाल, तर नुसती समोरची बाजू छापू नये. झाकण उघडून, आत फूटपट्टी ठेवून घेतलेले एक छायाचित्र आणि तळाच्या स्क्रूचे एक छायाचित्र वाचकांकडून आवर्जून मागवावे. तेवढ्या दोन छायाचित्रांवरून आपल्या वाचकांपैकीच कोणीतरी ती केस कशाची आहे, हे नेमके सांगू शकेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक